मागची खोली जाते कुठे?

पाठीमागे समुद्राचं चित्र लावलं की माझा कान का गायब होतो? खुर्चीची पाठ दिसते, पण हातातला कप का दिसत नाही? घर झाकलंय म्हणून निश्चिंत बसावं, तर आई मागून गेली की सगळ्या ऑफिसला कशी दिसते? व्हिडिओ कॉलवर काम करणारी माणसं हे प्रश्न एकमेकांना विचारतात आणि विसरून जातात. पुढच्या कॉलला पुन्हा तेच घडतं. उत्तरं अवघड नाहीत, आणि ती एकदा समजली की निम्म्याहून जास्त त्रास पैसा खर्च न करता दूर होतो.

जळगाव-धुळ्याच्या घरांत हे प्रश्न शिरले ते मार्च २०२० मध्ये. कोरोनामुळे टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत काम करणारी मुलं-मुली लॅपटॉप घेऊन पारोळ्याला, अमळनेरला, शिरपूरला, साक्रीला आपापल्या घरी परतली. झूम कंपनीने तेव्हा जाहीर केलेले आकडे पाहा. रोजच्या बैठकांमधला सहभाग डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होता, तो एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला. (एकच माणूस दिवसात चार बैठकांना बसला तर तो चारदा मोजला जातो, हे लक्षात ठेवूनही वाढ प्रचंडच आहे.) मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये मागचं दृश्य अंधुक करायची सोय २०१८ पासून होती. आपल्या आवडीचं चित्र लावायची सोय तिथे २०२० मध्ये आली, आणि गुगल मीटनेही त्याच वर्षी या दोन्ही गोष्टी दिल्या.

टाळेबंदी उठली, तरी काम पूर्णपणे ऑफिसात परत गेलं नाही. आठवड्यातले काही दिवस घरून काम, नोकरीच्या मुलाखतीची पहिली फेरी व्हिडिओवर, शिकवण्या, विमा, हिशेब तपासणी हे सगळं आता धुळ्याच्या देवपुरातल्या किंवा जळगावच्या पिंप्राळ्यातल्या एखाद्या घराच्या पुढच्या खोलीतून चालतं. त्याच खोलीत जेवण असतं, पाहुणे असतात, मुलांचा अभ्यास असतो. ऐन बैठकीत आतून "जेवाले चाल रे!" अशी हाक येते. म्हणून मागची खोली झाकणं मला चैनीचं वाटत नाही. ऑफिसचा हक्क आपल्या कामावर आहे. आपली मोरी, आपली मांडणी आणि दुपारी आडवी झालेली आजी पाहण्याचा हक्क ऑफिसला कोणी दिलेला नाही.

१. सेकंदाला पावणेतीन कोटी प्रश्न

आधी संगणकाला काय दिसतं ते पाहू. कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. साध्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात आडवे १,२८० आणि उभे ७२० ठिपके असतात. गुणाकार केला की एका चित्रात ९,२१,६०० ठिपके होतात. अशी चित्रं सेकंदाला ३० येतात, म्हणजे सेकंदाला २,७६,४८,००० ठिपके.

प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या मधला. नाक, भिंत, दाराला लावलेलं तोरण यांपैकी काहीही संगणकाला दिसत नाही, फक्त आकडे दिसतात. त्या आकड्यांवरून त्याला प्रत्येक ठिपक्यासाठी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: हा ठिपका माणसाचा की मागचा? सगळ्या उत्तरांचा मिळून जो नकाशा तयार होतो त्याला मास्क म्हणतात. मास्क हाती आला की उरलेलं काम सोपं असतं. माणसाचे ठिपके तसेच ठेवायचे आणि मागच्या ठिपक्यांच्या जागी समुद्राचे ठिपके भरायचे. सगळी अडचण मास्क बरोबर काढण्यात आहे.

२. हिरव्या पडद्याची जुनी युक्ती

मास्क काढायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मागे असा रंग ठेवायचा, जो माणसाच्या अंगावर नसतोच. सिनेमावाल्यांना ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटात निळ्या पडद्यासमोर माणसं उभी करून त्यांच्यामागे दुसरी दृश्यं बसवली होती, आणि त्या चित्रपटाच्या विशेष दृश्यपरिणामांना ऑस्कर मिळालं. दूरचित्रवाणीवर हवामान सांगणाऱ्या निवेदकामागे नकाशा दिसतो, तोही असाच.

उदाहरणासाठी पडद्याचा एक ठिपका घेऊ: लाल ४०, हिरवा १८०, निळा ६०. गालाचा एक ठिपका घेऊ: लाल १९०, हिरवा १३५, निळा १०५. आता नियम करा की ज्या ठिपक्यात हिरवा आकडा लाल आणि निळ्यापेक्षा बराच मोठा असेल, तो मागचा. पहिला ठिपका मागे गेला, दुसरा माणसात राहिला. माणूस गोरा असो की सावळा, त्वचेत लाल आकडाच मोठा असतो, म्हणून हा नियम सहसा फसत नाही. हिरवा निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारे जे बिंदू असतात, त्यातले निम्मे हिरव्यासाठी आणि पाव-पाव लाल-निळ्यासाठी असतात. कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या ब्राइस बेयर यांनी ही रचना शोधली आणि १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. माणसाच्या डोळ्याला हिरव्या भागातले बारकावे जास्त कळतात, म्हणून त्यांनी हिरव्याला जास्त जागा दिली. त्यामुळे हिरव्या रंगाची माहिती कॅमेऱ्याकडे सर्वांत भरवशाची असते.

आपल्याकडे या युक्तीत एक अडचण आहे. हिरवा हा आपल्या सौभाग्याचा रंग. नवी सून हिरवा चुडा घालून अशा पडद्यासमोर बसली, तर तिच्या कोपराच्या आणि पंजाच्या मध्ये समुद्र दिसतो. हिरवी साडी असेल तर हवेत तरंगणारं डोकं दिसतं. अशा वेळी पडदा निळा घ्यावा.

पडद्यासाठी महागडं सामान लागत नाही. मांजरपाटाचं हिरवं रंगवलेलं कापड पुरतं, फक्त ते इस्त्री केलेलं हवं, कारण प्रत्येक सुरकुतीची सावली म्हणजे वेगळा हिरवा. शेतातली हिरवी शेडनेट मात्र लावू नये. तिच्या भोकांतून मागची भिंत डोकावते आणि मास्कला पुरळ उठल्यासारखं होतं. पडदा पाठीपासून तीन-चार फूट लांब असावा, नाहीतर त्याचा हिरवा उजेड गालांवर आणि कानांवर पडतो आणि कान मागच्यांत मोजले जातात. जुन्या लॅपटॉपवाल्यांना या पडद्याचा मोठा फायदा आहे. रंगाचा साधा नियम लावायला संगणकाला फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून जिथे पडद्याविना चित्र लावायची सोय चालत नाही, तिथेही 'माझ्याकडे हिरवा पडदा आहे' हा झूमचा पर्याय चालू शकतो.

३. पडदा नसेल तर?

बहुतेक घरांत पडदा नसतो, तरी चित्र लागतं. ते कसं?

जळगावात डाळ मिल पुष्कळ, पण डाळ निवडणं शेवटी घरच्या ताटातच होतं. डाळ निवडायला बसलेली बाई खड्याची व्याख्या करत नाही. लहानपणापासून हजारो ताटं पाहिल्याने तिच्या डोळ्याला सवय झालेली असते आणि बोट बरोबर खड्यावर जातं. पडद्याविना चालणाऱ्या प्रोग्रामची घडणही अशीच होते. त्याला माणसांची असंख्य चित्रं दाखवली जातात. प्रत्येक चित्रात माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं, ते आधी कोणीतरी बसून आखलेलं असतं. प्रोग्राम अंदाज करतो, चुकतो, चुकीनुसार आतले आकडे थोडे बदलतो, पुन्हा अंदाज करतो. या घडवण्यालाच 'प्रशिक्षण' म्हणतात आणि त्यातून तयार झालेल्या प्रोग्रामला 'मॉडेल'.

हे समजलं की सुरुवातीच्या प्रश्नांपैकी दोन सुटतात. मॉडेल 'माणूस कुठे आहे' एवढंच शिकलेलं असतं, 'तुम्ही कोण' हे त्याला ठाऊक नसतं. आई मागून गेली की तीही माणूसच. म्हणून बहुतेक वेळा ती समुद्रातून चालत गेल्यासारखी स्पष्ट दिसते. भिंतीवर हार घातलेला आजोबांचा मोठा फोटो असेल तर कधी कधी तोही माणसात धरला जातो. कपाचं याच्या उलट होतं. कप माणूस नाही. काही चित्रांत हातातली वस्तू माणसाबरोबर आखलेली असते, काहींत नसते, म्हणून मॉडेलचं त्याबद्दल पक्कं मत होत नाही आणि कप दिसतो, जातो, पुन्हा दिसतो. खुर्चीची पाठ खांद्यांना चिकटलेली आणि खांद्यांसारखीच गोलसर असते, म्हणून ती अंगात मोजली जाते.

जे शिकवताना कमी दाखवलं, तिथे चूक जास्त होते. डोक्यावरून घेतलेला पदर, फेटा, कानांवरून बांधलेला रुमाल यांच्या कडा मॉडेलला गोंधळात टाकतात. ही उणीव माणसाच्या अपमानापर्यंत जाऊ शकते. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडातल्या एका संशोधक विद्यार्थ्याने उघड दाखवून दिलं, की त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याने झूमवर मागे चित्र लावलं की सहकाऱ्याचं डोकंच नाहीसं होतं. खान्देशच्या उन्हात रापलेला चेहरा आणि अंधारी खोली एकत्र आली की इथेही तसं होऊ शकतं. तेव्हा मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या चेहऱ्याला दोष देऊ नये. उणीव प्रोग्रामच्या शिकवणीत आहे.

४. कान का जातो?

सेकंदाला पावणेतीन कोटी ठिपके एकेक करून निवडणं साध्या लॅपटॉपला झेपत नाही. म्हणून चित्र आधी लहान करतात. गुगलच्या अशा एका मॉडेलला २५६ × १४४ एवढं छोटं चित्र दिलं जातं. गुणाकार केला तर ३६,८६४ घरं होतात. मूळच्या ९,२१,६०० ठिपक्यांना ३६,८६४ ने भागा: बरोबर २५. म्हणजे मूळ चित्रातल्या ५ × ५ ठिपक्यांच्या चौकोनासाठी एकच उत्तर. दाणा-दाणा न पाहता चिमूट-चिमूट पाहून डाळ निवडल्यासारखं हे आहे.

आता केसाची एक बट पाहा. ती एखाद-दोन ठिपक्यांएवढीच रुंद असते. पंचवीस ठिपक्यांच्या घरात तिचे चार ठिपके आणि भिंतीचे एकवीस. घर भिंतीच्या नावावर जातं आणि बट पुसली जाते. जळगावच्या सराफ बाजारातून हौसेने घेतलेले बारीक झुबे, चष्म्याची काडी, हेडफोनची तार या सगळ्यांचं हेच होतं.

कडेवरच्या घरांसाठी म्हणून मॉडेल हो-नाही असं उत्तर देत नाही. ते ० ते १ यांच्या मधला आकडा देतं: किती खात्रीने हे माणसाचं आहे? त्या प्रमाणात दोन्ही चित्रं मिसळली जातात. समजा कानाच्या कडेचा उजळपणा २०० आहे आणि समुद्राचा १००. मॉडेलची खात्री ०.७ असेल, तर

०.७ × २०० + ०.३ × १०० = १४० + ३० = १७०

कान थोडा फिका झाला, पण दिसतो. खात्री ०.३ वर घसरली तर

०.३ × २०० + ०.७ × १०० = ६० + ७० = १३०

आता कान जवळजवळ समुद्राच्या रंगाचा झाला. तो गेला, असं आपण म्हणतो.

खात्री घसरते कशाने? मिसळण्याआधी प्रोग्राम मूळ मोठ्या चित्रात डोकावतो, रंग कुठे झपकन बदलतो ते पाहतो आणि मास्कची कड तिथे सरकवतो. कान आणि भिंत यांचा रंग सारखाच असेल तर कड सापडत नाही. आपल्याकडे भिंतींना बदामी, फिकट गुलाबी, क्रीम असे डिस्टेंपर आवडीने लावतात, आणि तेच रंग त्वचेच्या सर्वांत जवळचे. तसंच काळ्या केसांमागे काळसर लोखंडी कपाट आलं की डोकं सपाट होतं. खुर्ची दोन फूट सरकवून फिकट निळ्या किंवा पांढऱ्या भिंतीसमोर बसलं, तर तोच लॅपटॉप आणि तेच मॉडेल चांगलं काम करतं.

हात हलवताना बोटं जातात, त्याचं कारण थोडं वेगळं आहे. मास्क लुकलुकू नये म्हणून बरेच प्रोग्राम आधीच्या चित्राचा मास्कही हिशेबात घेतात. झटकन हलणारा हात आधीच्या मास्कमध्ये त्या जागी नव्हता, म्हणून क्षणभर त्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही.

५. चाळीसगावचं टेबल

या सगळ्याचा पाया उजेड आहे. उजेडाबद्दल बोलायचं तर जळगाव जिल्ह्यातल्या एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं: चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९). इंग्लंडमध्ये शिकून परतल्यावर त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं चाळीसगावच्या आपल्या घरातच काढली. बाहेर ते क्वचितच पडले. तरी त्यांच्या छायाचित्रांत माळ, झाडं, पायवाटा दिसतात. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर हवा तसा उजेड सोडून ते निसर्गदृश्य उभं करत. टेबल-टॉप फोटोग्राफी या नावाने ही कला ओळखली जाते आणि मूस तिच्यासाठी प्रसिद्ध झाले.

टेबलावरची वीतभर मांडणी खरी का वाटते? तिच्यातल्या सगळ्या वस्तूंवर उजेड एकाच बाजूने पडतो आणि सावल्या एकाच दिशेला जातात. डोळा वस्तू तपासायच्या आधी उजेड तपासतो. उजेड जुळला की तो बाकीचं मान्य करतो. व्हिडिओ कॉलवरच्या चित्रांत हीच गोष्ट सर्वांत जास्त चुकते. मागे समुद्रावरचं डावीकडून आलेलं ऊन असतं आणि चेहऱ्यावर उजवीकडची ट्यूब. मास्क अगदी अचूक निघाला तरी माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. खिडकी तुमच्या डाव्या हाताला असेल तर मागचं चित्रही पडद्यावर त्याच बाजूने उजेड येणारं निवडा. हवं तर अॅपमध्ये दोन चित्रं बदलून ताडून पाहा, फरक लगेच दिसतो.

जुन्या धाब्याच्या घरांत खिडक्या लहान आणि थोड्या असतात. उन्हाळ्यात तेच बरं वाटतं, पण कॅमेऱ्याला ते जड जातं. सेकंदाला ३० चित्रं काढायची म्हणजे एका चित्राला जास्तीत जास्त एक तीसांश सेकंद मिळतो. तेवढ्यात पुरेसा उजेड आला नाही तर कॅमेरा मिळालेला संकेत वाढवून घेतो, आणि त्याबरोबर चित्रातले खरखरीत दाणेही वाढतात. मॉडेलला मग कान कोणता आणि दाणे कोणते हे कळत नाही, आणि आपण मघाशी पाहिलेला ०.७ चा ०.३ होतो. वीज गेली आणि इन्व्हर्टरवर एकच दिवा राहिला की मास्क फाटतो, तो यामुळेच.

खिडकीकडे पाठ करून कधी बसू नये. कॅमेरा खिडकीच्या झगझगाटाला जुळवून घेतो आणि चेहरा काळा करतो. खिडकी समोर किंवा बाजूला हवी. दुपारचं थेट ऊन येत असेल तर पांढरं पातळ कापड लावून ते मऊ करावं. संध्याकाळी टेबललॅम्प चेहऱ्यावर न रोखता समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रोखा. भिंतीवरून परत आलेला उजेड चेहरा आणि दोन्ही कान सारखे उजळतो. पंख्याच्या वर दिवा असेल तर तो बंद ठेवा, कारण पात्यांच्या सावल्या चेहऱ्यावर फिरतात आणि मास्क त्यांच्यासोबत थरथरतो.

ट्यूबलाइटबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण ही चूक घरोघरी असते आणि तिचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. आपल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात आणि प्रत्येक आवर्तनात चोकवाली जुनी ट्यूब दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. १०० भागिले ३० म्हणजे ३ पूर्णांक एक तृतीयांश. प्रत्येक चित्राच्या वाट्याला ट्यूबची वेगळी अवस्था येते आणि पडद्यावर फिके-गडद पट्टे सरकत राहतात. अमेरिकेत आवर्तनं ६० असतात, ट्यूब १२० वेळा उजळते आणि १२० भागिले ३० म्हणजे बरोबर ४, म्हणून तिथे हा त्रास होत नाही. कॅमेरा तिकडच्या हिशेबावर लावलेला असेल तर आपल्याकडे पट्टे येतात. बऱ्याच वेबकॅमच्या सेटिंगमध्ये ६० आणि ५० हर्ट्झ असा पर्याय असतो. तिथे ५० निवडा. काही स्वस्त एलईडी दिवेही असेच लुकलुकतात, त्यांनाही हाच उपाय.

६. मे महिन्यातला लॅपटॉप

मास्क काढायचं काम सहसा तुमच्याच लॅपटॉपमध्ये किंवा फोनमध्ये चालतं, सेकंदाला अनेक वेळा, बैठक संपेपर्यंत. त्याने प्रोसेसर तापतो. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. मग आवाज अडकतो, चित्र थांबतं आणि आपण नेटवाल्याला फोन लावतो. नेट ठीक असतं. अशा वेळी आधी मागचं चित्र बंद करून पाहावं. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर न ठेवता पाटावर ठेवावा, म्हणजे खालची हवा मोकळी राहते. मागे हलणारा व्हिडिओ लावण्याची हौस उन्हाळ्यात टाळलेलीच बरी.

७. अंधुक की चित्र?

अंधुक करताना मागचेच रंग आजूबाजूच्या रंगांत मिसळतात. कडेला चूक झाली तरी भिंतीचा रंग भिंतीतच मिसळतो, उजेडही खोलीचाच राहतो, म्हणून चूक डोळ्यांत खुपत नाही. कामाच्या बैठकीसाठी मी अंधुकच सुचवेन. मात्र मागे काय आहे ते अंदाजाने कळतं. मोठ्या अक्षरातलं कॅलेंडर, देव्हारा, दोरीवरचे कपडे ओळखू येतात.

चित्र लावायचं तर ते आडवं, १९२० × १०८० ठिपक्यांच्या आसपासचं घ्या. फोन उभा धरून काढलेला फोटो वर-खाली कापला जातो. चित्रातलं क्षितिज आपल्या डोळ्यांच्या उंचीला आलं की माणूस तिथे बसलेला वाटतो. लळिंग किल्ला, मेहरूण तलाव, केळीची बाग अशी आपली चित्रं लावली तर मला ती परदेशी समुद्रापेक्षा केव्हाही जास्त आवडतील. बॅकग्राउंडवरची अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नका. स्वतःचं चित्र आपल्याला आरशासारखं दाखवलं जातं, समोरच्यांना ती सुलटच दिसतात.

इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १६७ जणांना वेगवेगळ्या पार्श्वभूमींवरचे चेहरे दाखवले. पुस्तकं किंवा झाडं मागे असलेले चेहरे जास्त विश्वासू आणि सक्षम वाटले. घरातली बैठकीची खोली किंवा गमतीचं चित्र मागे असलेले चेहरे कमी. नाशिकच्या किंवा पुण्याच्या साहेबाला अगदी तसंच वाटेल असं धरून चालू नये. पण खिडकीतली तुळस किंवा पुस्तकांचं खरं फडताळ मागे येईल अशी खुर्ची ठेवता आली, तर चित्राची गरजच उरत नाही.

८. काय झाकतं, काय उघडं राहतं

चांगली बातमी अशी, की मास्क सहसा तुमच्याच यंत्रात निघत असल्यामुळे समोरच्याकडे तयार, मिसळलेलं चित्र जातं. अशा वेळी खरी खोली नेटवरून जात नाही. फक्त कडांवर जिथे चूक होते तिथे खोलीचा तुकडा दिसून जातो. तुम्ही हलत राहता, दर वेळी वेगळा तुकडा दिसतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की हे तुकडे जमवत गेलं तर मागच्या खऱ्या खोलीचा बराच भाग पुन्हा उभा करता येतो. म्हणून पासबुक, निविदेची फाइल, पासवर्ड लिहिलेला कागद यांना चित्राच्या भरवशावर मागे ठेवू नये. शोकेसची काच आणि मांडणीवरची स्टीलची भांडी यांच्यात तुमच्या लॅपटॉपचा पडदाही उमटतो, हेही लक्षात असू द्या.

आवाज तर झाकलाच जात नाही. कूलरची घरघर किंवा धुळ्यातल्या काही गल्ल्यांतला यंत्रमागाचा ठेका थांबवायला आवाज गाळायची वेगळी सोय लागते, आणि ती मायक्रोफोन तोंडाजवळ असला तर जास्त नीट काम करते.

घरातल्या माणसांना झाकायचं असेल तर खरा आडोसाच लागतो. आपल्या मागे, पण जाण्यायेण्याच्या वाटेच्या अलीकडे, दोरी बांधून फिकट रंगाची जुनी सुती साडी सोडली, तर आई बिनधास्त मोरीपर्यंत जाऊ शकते. मागे एकसारखा साधा रंग आल्यामुळे मास्कही स्वच्छ निघतो. म्हणजे चित्र लावायचं असलं तरी साडीचा उपयोग आहेच.

काही कॉल असे असतात जिथे खोटं काहीही मागे चालत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी दिली. त्या कॉलवर बँकेच्या अधिकाऱ्याला समोर जिवंत, खरा माणूस आहे याची खात्री करायची असते. देखरेखीखालच्या ऑनलाइन परीक्षेत खोली फिरवून दाखवायला सांगू शकतात. न्यायालयाच्या व्हिडिओ सुनावणीलाही साधी भिंतच मागे असावी. अशा कॉलच्या आधी अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकग्राउंड 'काही नाही' असं करून घ्या. ही अॅप मागच्या वेळचं चित्र लक्षात ठेवतात, आणि मुलीच्या वाढदिवसाला लावलेले फुगे पुढच्या कॉलला आपोआप परत येतात.